बर्लिनच्या खणांतले वाळवंटी उंदीर

तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी पिंजऱ्यात जर्बिल असेलच. मोठे काळे डोळे, शेपटीच्या टोकाला गोंडा, जरा आवाज झाला की मागच्या पायांवर उभा! त्याच्या गटाचं शास्त्रीय नाव ‘मेरिओनिस’. हे नाव १८११ साली इलिगर यांनी दिलं. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचे ते पहिले प्रमुख. मेरिओनिस म्हणजे होमरच्या काव्यातला एक ग्रीक योद्धा. उंदराला योद्ध्याचं नाव, आहे की नाही गंमत!

१८२० साली हेम्प्रिख आणि एहरेनबर्ग हे दोन तरुण जर्मन डॉक्टर बर्लिनहून इजिप्तला निघाले. वाळवंट, सिनाई, अरबस्तानचा किनारा, सगळीकडे फिरून त्यांनी सुमारे ३४,००० प्राणी जमवून घरी पाठवले. बरोबरची बहुतेक माणसं तापाने गेली. १८२५ च्या जूनमध्ये मसावा बंदरात हेम्प्रिखही गेले, वय अवघं २९. मी जन्मभर तापाच्या रोग्यांची सेवा केली. दोघेही डॉक्टर, तरी जवळ इलाज नव्हता, हे वाचून जीव हळहळतो.

इकडे बर्लिनमध्ये इलिगर यांच्यामागून लिख्टेनश्टाइन प्रमुख झाले होते. त्यांनी १८२३ साली संग्रहालयातल्या जादा नमुन्यांची यादी छापली. ती होती विक्रीची यादी! पण ‘मेरिओनिस लिबिकस’, म्हणजे लिबियाच्या वाळवंटातला जर्बिल, हे नाव जगाने पहिल्यांदा वाचलं ते त्याच यादीत.

हे संग्रहालय आज बर्लिनच्या इन्व्हालिडेन रस्त्यावर आहे. १९४५ च्या बाँबहल्ल्यात त्याची पूर्वेकडची बाजू कोसळली, ती २०१० साली पुन्हा उभी राहिली. आता तिथे काचेआड स्पिरिटच्या हजारो बरण्या दिसतात. मुलं मात्र आधी डायनासोरकडेच धावतात. उंदरांची कातडी आतल्या खणांत असतात, तिथे आपल्याला सोडत नाहीत. ते बरंच आहे, कारण जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून सोमल चोळत असत.

नमुना करतात तो असा. कातडं सोडवून आत कापूस भरायचा, कवटी साफ करून वेगळ्या डबीत ठेवायची, आणि पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे सापडला, कधी, नर की मादी, शेपूट किती, पाऊल किती. आमच्या वॉर्डात चिठ्ठी नसलेली रक्ताची बाटली कितीही ताजी असली तरी टाकून द्यावी लागे. इथेही तसंच.

मग ओळखायचा कसा? रंगावर जाऊ नये, वाळूप्रमाणे तो बदलतो. आधी पाऊल उलटून बघायचं. भुसभुशीत वाळूत राहणाऱ्यांच्या तळव्यांना केस असतात, खडकाळ जागेतल्यांचे तळवे उघडे. आपल्याकडे देशावर शेताच्या बांधात राहणारा मोठा जर्बिल असतो ना, त्याचेही तळवे उघडेच. मग कवटीतली कानामागची फुगीर हाडं. ती जितकी मोठी, तितका घुबडाच्या पंखांचा बारीक आवाजही नीट ऐकू येतो. एवढं करूनही दोन सख्खे शेजारी सारखेच दिसतात. तिथे जिवंत पेशीतली गुणसूत्रं मोजतात. पिरॅमिडच्या जर्बिलाची ३८, आपल्या किनाऱ्यावरच्या ॲलेनबीच्या जर्बिलाची ४०.

हा ॲलेनबी म्हणजे पहिल्या महायुद्धातला इंग्रज सेनापती. लंडनच्या थॉमस यांनी १९१८ साली रेहोवोतच्या नमुन्यावरून या उंदराला त्याचं नाव दिलं. पुढे पुष्कळ तज्ज्ञ म्हणाले, ही वेगळी जात नव्हेच, अलेक्झांड्रियाजवळच्या अँडरसनच्या जर्बिलाचीच ही शाखा. असा वाद निघाला की मत कितीही मोठ्या माणसाचं असो, खण उघडून पहिला नमुना काढावाच लागतो. नाव त्यालाच बांधलेलं असतं. आता तर कातड्याच्या कपट्यातूनही डीएनए काढून बघता येतो.

रेहोवोतच्या वाळूवर आता इमारती झाल्या. पण अश्दोद आणि अश्केलोन यांच्यामधल्या नित्सानिमच्या राखीव वाळूत हा जर्बिल अजून आहे. नातवंडांना घेऊन वारा सुटायच्या आत सकाळी लवकर जा. तो बिळात झोपलेला असेल, पण वाळूवर रात्रीच्या पावलांची रांग दिसेल.