फोटोग्राफरला स्वतःचा फोटो का नको असतो?

लग्नात दिवसभर ‘काका, जरा इकडे’, ‘ताई, मान थोडी वर’ म्हणणाऱ्या फोटोग्राफरला शेवटी घरचे आग्रह करतात, ‘दादा, एक तुमचाही होऊन जाऊ द्या.’ तो चटकन मागे सरकतो: ‘राहू द्या ना भाऊ, मीच काढतो.’ वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही मांडवात दिसेल असा हा संकोच. त्याची कारणं विज्ञानात सापडतात.

आपला चेहरा आपण जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे डावं-उजवं उलटलेला. कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. त्यामुळे फोटोतला सुलट चेहरा आपल्यालाच परका वाटतो. १९७७मध्ये अमेरिकेत संशोधक मीटा आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थिनींना त्यांच्याच फोटोच्या सुलट आणि उलट प्रती दाखवल्या. त्यांची पसंती बहुतेक वेळा उलट प्रतीला, तर त्यांच्या जिवलगांची सुलट प्रतीला. जे सवयीचं, तेच आवडतं.

फोटोग्राफरची अडचण आणखी एक. ‘हसा’ म्हटलं की ओठांचे स्नायू हुकूम पाळतात. डोळ्यांभोवतीचा स्नायू नेहमीच पाळतो असं नाही. फ्रान्सच्या ड्युशेन या डॉक्टरनं १८६२मध्येच हे नोंदवलं. असं ओढूनताणून आणलेलं हसू टिपायचं नाही, हे ज्याचं रोजचं काम, त्याला स्वतःचं तसलं हसू कसं खपावं?

यावरचा उपाय वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात फार पूर्वी झालेला आहे. गांधीजींचे चुलत नातू कनु गांधी यांना आश्रमात फोटो काढायची मुभा मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम पैसे देणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं. समोरच्याच्या चेहऱ्यावर डोळे रोखले जात नाहीत. गंमत म्हणजे त्या काचेतली प्रतिमाही आरशासारखी उलटच असते. कनुभाईंच्या फोटोंतला गांधीजींचा मोकळेपणा मला त्या पहिल्या दोन अटींचंच फळ वाटतो.

तेव्हा पुढच्या लग्नात फोटोग्राफरला स्टेजवर उभं करून ‘हसा’ म्हणू नका. तो कामात गुंग असताना, दोन पावलं लांबून, फ्लॅश बंद ठेवून त्याचा एक फोटो काढा आणि त्याला पाठवून द्या.