चयापचयाची जनुके आणि मेंदूतील ग्लायोमा : पूर्वानुमान व प्रतिकारशक्ती यांचा अनुबंध

सारांश

मेंदूतील ग्लायोमा या अर्बुदाचे वर्गीकरण दीर्घकाळ पेशींच्या सूक्ष्मदर्शकीय रूपावर आधारलेले होते. २००८ नंतर आयसोसायट्रेट डिहायड्रोजनेज, अर्थात आयडीएच, या चयापचयातील विकराच्या जनुकामुळे हे चित्र बदलले. प्रस्तुत लेखात या जनुकाच्या आधारे चयापचय, रोगाचे पूर्वानुमान आणि प्रतिकारशक्ती यांतील संबंधाचे विवेचन केले आहे. रुग्णाचे आयुर्मान वाढविणारे वाटणारे जनुकीय लक्षण प्रतिकारशक्तीला मात्र दुबळे करते, या विसंगतीचा उलगडा करणे हा लेखाचा मुख्य उद्देश आहे.

बीजशब्द : ग्लायोमा, चयापचय, आयडीएच, पूर्वानुमान, प्रतिकारशक्ती, टी-पेशी.

१. प्रस्तावना

मानवी मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. तथापि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर वापरीत असलेल्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा एकट्या मेंदूला लागते. अशा ऊर्जाप्रधान अवयवात वाढणाऱ्या अर्बुदाचे भवितव्य त्याच्या चयापचयाशी निगडित असावे, हे स्वाभाविकच होय. कर्करोगाच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचे मोठ्या प्रमाणावर लॅक्टेटमध्ये रूपांतर करतात, हे निरीक्षण जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात नोंदविले होते. परंतु चयापचयातील हा बदल रोगाचे कारण आहे की केवळ परिणाम, हा प्रश्न त्यानंतर अनेक दशके अनिर्णित राहिला.

मेंदूतील आधारपेशींशी साधर्म्य दाखविणाऱ्या अर्बुदांना ग्लायोमा म्हणतात. त्यांपैकी ग्लायोब्लास्टोमा हा प्रकार सर्वांत घातक होय. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या औषधाची जोड दिल्यास रुग्णांचे मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांपर्यंत वाढते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. मध्यक म्हणजे ज्या कालावधीपर्यंत निम्मे रुग्ण हयात असतात तो कालावधी. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसणाऱ्या गाठींचे दोन रुग्ण, एक काही महिन्यांत दगावणारा आणि दुसरा अनेक वर्षे जगणारा, असे का घडते, याचे समाधानकारक उत्तर तेव्हा उपलब्ध नव्हते.

२. आयडीएच जनुकाचा शोध

२००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमाच्या २२ गाठींतील वीस हजारांहून अधिक जनुकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात आयडीएच-१ या जनुकातील उत्परिवर्तन अनपेक्षितपणे समोर आले. अभ्यासलेल्या ग्लायोब्लास्टोमांपैकी सुमारे १२ टक्के गाठींत ते आढळले आणि असे रुग्ण तुलनेने तरुण होते. हे जनुक तोपर्यंत कर्करोगाच्या चर्चेत नव्हते. ते पेशीच्या नित्य चयापचयातील एक सामान्य जनुक मानले जाई.

२००९ मध्ये झालेल्या अधिक व्यापक अभ्यासाने या शोधाचे महत्त्व स्पष्ट केले. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांत उत्परिवर्तन असल्यास मध्यक आयुर्मान ३१ महिने, तर नसल्यास १५ महिने आढळले. अ‍ॅनाप्लास्टिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा या प्रकारात हे आकडे अनुक्रमे ६५ व २० महिने होते. म्हणजेच चयापचयातील एका जनुकाची स्थिती पेशींच्या रूपाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, निर्णायक ठरली.

याची दखल जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने २०१६ मध्ये घेतली. २०२१ च्या आवृत्तीत तर ग्लायोब्लास्टोमा ही संज्ञा प्रौढांतील आयडीएच-उत्परिवर्तन नसलेल्या गाठींपुरतीच मर्यादित करण्यात आली. उत्परिवर्तन असलेल्या गाठी अ‍ॅस्ट्रोसायटोमा किंवा ऑलिगोडेंड्रोग्लायोमा या गटांत मोडतात. यांपैकी दुसऱ्या गटात पहिल्या गुणसूत्राची आखूड भुजा आणि एकोणिसाव्या गुणसूत्राची लांब भुजा या दोन्ही लोप पावलेल्या असतात, आणि त्याचे पूर्वानुमान अधिक आशादायक असते.

३. उत्परिवर्तनाची कार्यपद्धती

निरोगी पेशीत आयडीएच विकर आयसोसायट्रेटचे अल्फा-कीटोग्लुटारेटमध्ये रूपांतर करतो. आयडीएच-१ हा विकर पेशीद्रवात, तर आयडीएच-२ हा तंतुकणिकांत कार्य करतो. या क्रियेत एनएडीपीएच हा रेणू तयार होतो व तो पेशीचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करतो. ग्लायोमामध्ये बहुतांश वेळा आयडीएच-१ प्रथिनातील १३२ व्या स्थानावरील आर्जिनिन या अमिनो आम्लाची जागा हिस्टिडिन घेते. एवढ्या लहान बदलाने विकराचे कार्यच पालटते. तो अल्फा-कीटोग्लुटारेटपासून २-हायड्रॉक्सिग्लुटारेट हा पदार्थ बनवू लागतो, आणि त्यासाठी एनएडीपीएच खर्ची पडते. हा उलगडा २००९ च्या अखेरीस झाला.

२-हायड्रॉक्सिग्लुटारेटची रचना अल्फा-कीटोग्लुटारेटशी मिळतीजुळती असते. परिणामी, अल्फा-कीटोग्लुटारेटच्या साहाय्याने चालणाऱ्या अनेक विकरांची जागा तो अडवितो. डीएनएवरील मिथिल गट दूर करणारे टेट विकर त्यांपैकीच होत. त्यांचे कार्य मंदावले की जनुकसंचावर मिथिल गट साचत जातात, अनेक जनुके मूक होतात आणि पेशी परिपक्व होण्याऐवजी अपरिपक्व अवस्थेतच विभाजित होत राहतात. चयापचय हा कर्करोगाचा केवळ परिणाम नसून कारणही असू शकतो, याचा हा स्पष्ट पुरावा होय.

येथे एक शंका उपस्थित होते. जे उत्परिवर्तन अर्बुदाला जन्म देते तेच रुग्णाच्या दीर्घायुष्याशी निगडित कसे? याचे उत्तर एका कारणात सामावत नाही. एक तर अशा गाठींची वाढ तुलनेने संथ असते. दुसरे, एनएडीपीएचची कमतरता असल्याने किरणोपचार व औषधांमुळे होणाऱ्या आघातापुढे पेशी दुबळ्या पडतात. तिसरे, व्यापक मिथिलीकरणात डीएनएची दुरुस्ती करणारे एमजीएमटी हे जनुकही अनेकदा मूक होते. टेमोझोलोमाइडने केलेली इजा भरून काढण्याची पेशीची क्षमता त्यामुळे घटते. म्हणून ‘अनुकूल उत्परिवर्तन’ हा शब्दप्रयोग सापेक्ष अर्थानेच घ्यावयास हवा. अशा गाठीही कालांतराने बळावतात. सीडीकेएन-२ए या जनुकाच्या दोन्ही प्रती लोप पावल्यास त्यांपैकी अ‍ॅस्ट्रोसायटोमाची गणना थेट चौथ्या श्रेणीत होते.

४. प्रतिकारशक्तीवरील परिणाम

अर्बुद हे केवळ कर्कपेशींचे बनलेले नसते. ग्लायोब्लास्टोमात भक्षकपेशी व मेंदूतील मायक्रोग्लिया यांचे प्रमाण मोठे असते. काही गाठींत ते एकूण पेशींच्या निम्म्यापर्यंत जाते. या पेशी आणि टी-पेशी कर्कपेशींच्या शेजारी राहून एकाच साठ्यातून पोषण घेतात. त्यामुळे कर्कपेशीच्या चयापचयाची झळ त्यांनाही पोहोचते.

आयडीएच-उत्परिवर्तित गाठींतून बाहेर पडणारे २-हायड्रॉक्सिग्लुटारेट टी-पेशी शोषून घेतात व त्यांची सक्रियता घटते, असे २०१८ मधील संशोधनाने दाखविले. त्याआधी २०१७ मध्ये, टी-पेशींना गाठीकडे आकर्षित करणाऱ्या रासायनिक संदेशांची निर्मितीही या उत्परिवर्तनामुळे कमी होते, असे आढळले होते. म्हणजे सैनिकांना बोलावणे धाडले जात नाही आणि जे पोहोचतात त्यांचीही शस्त्रे बोथट होतात.

उत्परिवर्तन नसलेल्या ग्लायोब्लास्टोमात प्रतिकारपेशी अधिक संख्येने आढळतात, तरीही पूर्वानुमान वाईट असते. याचे कारण पेशींच्या संख्येपेक्षा त्यांच्या स्वरूपात आहे. तेथील भक्षकपेशी बहुतांशी अर्बुदाला साहाय्य करणाऱ्या असतात. कर्कपेशी ग्लुकोज झपाट्याने संपवितात व लॅक्टेटने परिसर आम्लधर्मी करतात. अशा परिसरात हल्ला करणाऱ्या टी-पेशी क्षीण होतात, तर प्रतिकार आवरणाऱ्या नियामक टी-पेशी तग धरतात. शिवाय ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे विघटन करणारे इडो व टीडीओ हे विकर कायन्युरेनिन तयार करतात. टीडीओमुळे ग्लायोमात बनणारे कायन्युरेनिन प्रतिकारपेशींना दडपते व अर्बुदाची वाढही साधते, हे २०११ मध्ये सिद्ध झाले.

या पार्श्वभूमीवर प्रतिकारशक्तीवर आधारित उपचारांच्या अपयशाचा अर्थ लागतो. पुन्हा उद्भवलेल्या ग्लायोब्लास्टोमावर निवोलुमॅब हे औषध बेवासिझुमॅबपेक्षा सरस ठरले नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मेंदूची सूज कमी करण्यासाठी द्यावे लागणारे डेक्सामेथासोनही प्रतिकारशक्ती दडपते, हा व्यवहारातील आणखी एक अडसर होय.

५. जनुकसंचावर आधारित जोखीम-गुणांक : उपयोग व मर्यादा

आयडीएचच्या शोधानंतर चयापचयाशी संबंधित अनेक जनुकांचा एकत्रित विचार करण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास आणि चीनमधील ग्लायोमा जीनोम अ‍ॅटलास या माहितीसंग्रहांतून शेकडो गाठींमधील जनुकांच्या क्रियाशीलतेची नोंद उपलब्ध आहे. ग्लुकोज, स्निग्ध पदार्थ किंवा अमिनो आम्ले यांच्या चयापचयातील जनुके निवडून, कॉक्स प्रतिगमन व लॅसो या सांख्यिकीय पद्धतींनी त्यांपैकी मोजकी जनुके वेगळी काढली जातात. प्रत्येक जनुकाला भार देऊन जोखीम-गुणांक ठरविला जातो आणि रुग्णांची उच्च व अल्प जोखमीच्या गटांत विभागणी होते.

अशा अभ्यासांचे मोल मान्य करूनही तीन मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, सर्व ग्लायोमा एकत्र घेऊन काढलेला गुणांक बरेचदा आयडीएचची स्थितीच वेगळ्या शब्दांत सांगतो; उत्परिवर्तन असलेले व नसलेले रुग्ण स्वतंत्रपणे तपासल्याखेरीज त्याचे खरे मूल्य कळत नाही. दुसरी, गाठीचा संपूर्ण तुकडा दळून केलेल्या मोजणीत एखाद्या जनुकाची क्रियाशीलता कर्कपेशीची आहे की भक्षकपेशीची, हे उमगत नाही. तिसरी, सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. कायन्युरेनिनचा पुरावा भक्कम असूनही इडो रोखणारे एपाकॅडोस्टॅट हे औषध मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत २०१८ मध्ये अपयशी ठरले, हे उदाहरण या संदर्भात बोलके आहे.

६. निदान व उपचारातील उपयोजन

आयडीएचच्या बाबतीत मात्र ज्ञान प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत पोहोचले आहे. उत्परिवर्तित प्रथिन ओळखणाऱ्या प्रतिपिंडाचा रंग गाठीच्या काचपट्टीवर चढविता येतो. ग्लायोमातील आयडीएच-उत्परिवर्तनांपैकी सुमारे ९० टक्के याच प्रकारची असल्याने ही तुलनेने स्वस्त चाचणी पुष्कळ काही सांगून जाते. तरुण रुग्णात ती नकारात्मक आली तर मात्र जनुकीय क्रमनिर्धारण करणे आवश्यक ठरते. अन्यथा उरलेली उत्परिवर्तने निसटतात आणि रुग्णाला चुकीचे भवितव्य सांगितले जाण्याचा धोका उद्भवतो. मर्यादित साधनांच्या रुग्णालयांसाठी हा मुद्दा विशेष महत्त्वाचा होय.

उपचाराच्या क्षेत्रात दोन दिशा दिसतात. उत्परिवर्तित आयडीएच-१ विरुद्धच्या लसीची प्राथमिक चाचणी जर्मनीत ३३ रुग्णांवर झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत लसीला प्रतिकारात्मक प्रतिसाद मिळाला. दुसरी दिशा विकरालाच रोखण्याची. दुसऱ्या श्रेणीच्या आयडीएच-उत्परिवर्तित ग्लायोमाच्या ३३१ रुग्णांवरील चाचणीत व्होरासिडेनिब या औषधाने रोग न वाढण्याचा मध्यक कालावधी ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांपर्यंत नेला. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले व ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. अशा औषधांनी गाठीतील २-हायड्रॉक्सिग्लुटारेट घटताच प्रतिकारपेशींच्या सक्रियतेची चिन्हेही दिसतात, असे शस्त्रक्रियेपूर्वी औषध देऊन केलेल्या अभ्यासात आढळले आहे. तथापि रोगाची वाढ लांबणे आणि एकूण आयुर्मान वाढणे या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांपैकी पहिलीच या चाचणीने सिद्ध केली आहे.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, चयापचयाची जनुके ग्लायोमाच्या पेशीची वाढ आणि तिच्याभोवतीच्या प्रतिकारपेशींचे सामर्थ्य या दोहोंवर एकाच वेळी प्रभाव टाकतात. म्हणून ‘चांगले पूर्वानुमान’ म्हणजे ‘चांगली प्रतिकारशक्ती’ असे समीकरण मांडता येत नाही. आयडीएचच्या बाबतीत तर ते उलटे ठरते. तसेच पूर्वानुमान हे समूहाविषयीचे विधान असते. ३१ महिन्यांचा मध्यक याचा अर्थ निम्मे रुग्ण त्यापलीकडे जगतात असाही होतो. जनुकीय अहवाल हाती ठेवताना रुग्ण व नातेवाइकांना एवढे जरी समजावून सांगितले गेले, तरी या संशोधनाचा मानवी उपयोग झाला असे म्हणता येईल. चयापचयाची वाट रोखून प्रतिकारशक्तीला मोकळे करणारी संयुक्त उपचारपद्धती ही पुढील संशोधनाची दिशा असावी, असे उपलब्ध पुरावे सुचवितात.