पडण्याच्या भयाने बसविलेली माणसे

भालकी तालुक्यातील खटकचिंचोळीसारख्या गावात एखादे वृद्ध गृहस्थ न्हाणीत किंवा उंबरठ्यावर एकदा पडले आणि दैवयोगाने हाड न मोडता वाचले, म्हणजे दिवस मावळायच्या आत घरात एक अलिखित हुकूमनामा जारी होतो : आबांनी आता उठायचे नाही. पाण्याचा तांब्या जागेवर येतो, जेवणाचे ताट जागेवर येते, देवळाची वाट बंद होते, आणि पारावर जाऊन येण्याचा विषय निघालाच तर मुलगा, सून आणि समाचाराला आलेले सोयरे एका सुरात म्हणतात, “उगं बसा की एका जागी, परत पडलाव मंजी?” या बंदोबस्ताच्या मुळाशी माया असते, याविषयी शंका नाही, परंतु चालण्यामुळे म्हातारी माणसे पडतात, सबब त्यांचे चालणे बंद करावे, हा जो युक्तिवाद त्याच्या तळाशी आहे, तो बीदर-कलबुर्गीकडच्या गावांत, आणि सांगावयास खेद वाटतो की कित्येक शिकल्यासवरल्या घरांतही, इतक्या निःशंकपणे मांडला जातो, की त्याची एकदा नीट रुजुवात घेणे अगत्याचे झाले आहे.

उभे राहणे ही आपल्याला वाटते तशी निश्चल अवस्था नव्हे. डोळे, कानाच्या अंतर्भागातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि तळपाय व घोटे यांतून येणाऱ्या संवेदना या तिघांची खबर मेंदूकडे अखंड जात असते, आणि त्या खबरीवरून मेंदू पायांच्या व कमरेच्या स्नायूंना क्षणोक्षणी दुरुस्तीचे हुकूम सोडीत असतो. हा सारा कारभार सवयीवर चालतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात धडधाकट वृद्ध स्त्रीपुरुषांना अवघे दहा दिवस अंथरुणावर ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायूभार नाहीसा झाला. मग आपल्याकडे मृगाच्या पावसात जे आजोबा बाजेवर बसविले, ते दसऱ्याला उठावयास निघतील तेव्हा त्यांच्या मांड्यांत किती बळ उरले असेल, याचा अंदाज कोणीही करावा. ते उठतात, थरथरतात, आणि या खेपेस खरोखरच जबर पडतात. तेव्हा घरची मंडळी एकमेकांकडे पाहून म्हणतात, “आम्ही सांगतच होतो!” आपल्याच हुकुमाचा परिणाम त्याच हुकुमाच्या समर्थनार्थ पुरावा म्हणून दाखल करण्याचा हा प्रकार कोणत्याही कचेरीत टिकला नसता, घरात मात्र तो बिनतक्रार मंजूर होतो.

“वय झालं, आता पडायचंच” हे याच समजुतीचे दुसरे अंग. वैद्यकीय संशोधक मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंच्याहत्तरी गाठलेल्या ३३६ व्यक्तींचे वर्षभर निरीक्षण करून ते १९८८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्ती त्या मुदतीत पडल्या, हे खरे. परंतु झोपेची वा गुंगीची औषधे, पायांतील दौर्बल्य, पावलांचे विकार, तोल व चाल यांतील दोष, बुद्धीचा ऱ्हास यांसारखी एकही बाब ज्यांच्यात आढळली नाही, त्यांच्यात पडण्याचे प्रमाण ८ टक्के, आणि चार किंवा अधिक बाबी एकवटल्या होत्या त्यांच्यात ७८ टक्के निघाले. सारेच पंच्याहत्तरीपुढचे! केवळ वयच कारण असते, तर ही तफावत कोठून आली असती? शिवाय या यादीतील बऱ्याच बाबींवर इलाज चालतो, आणि त्यांतील पहिलीवर तर डॉक्टरांपुढे गोळ्यांची सगळी पाकिटे नेऊन ठेवण्यापलीकडे आरंभी काही करावेही लागत नाही.

पडण्याचा आरोप सरसकट शहाबादी फरशीवर ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातलेच, त्यामुळे आरोपी घरचाच सापडतो. परंतु कॅनडातील वृद्धनिवासांत कॅमेऱ्यांनी प्रत्यक्ष टिपलेल्या २२७ पतनांचा अभ्यास २०१३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात घसरून पडण्याचे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते, तर शरीराचा भार चुकीच्या रीतीने टाकल्यामुळे झालेली पतने ४१ टक्के. अर्थात तेथे शेवाळलेली न्हाणी नसते, म्हणून आपल्या फरशीला निर्दोष सोडण्याची घाई नको. ती घासावी, कोरडी ठेवावी आणि भिंतीला धरावयास दांडी बसवावी. पण फरशी कितीही स्वच्छ केली तरी बाजेवरून उठताना, वळताना, वाकून काही उचलताना भार सांभाळण्याची जी कला आहे, ती तिच्यातून उगवत नाही. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्या माणसाचा तर बराचसा भरवसा डोळ्यांवर असतो; रात्री वीज गेली की तोही सुटतो, हे लक्षात घेऊन बाजेपासून मोरीपर्यंत उजेडाची तजवीज करावी.

ती कला शिकता येते, उतारवयातही. २०१९ साली वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने १०८ चाचण्यांचा, म्हणजे तेवीस हजारांहून अधिक वृद्धांचा आढावा घेतला, तेव्हा व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मात्र येथे “आमचे अण्णा रोज मैलभर चालतात” म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनीही थोडे थांबावे. नुसत्या चालण्याचा उपयोग त्या आढाव्यात निश्चितपणे सिद्ध झाला नाही. उपयोग दिसला तो तोल सांभाळण्याच्या आणि ऊठबस-वळण्याच्या सरावाचा. तो सराव असा : जड बाजेच्या किंवा स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला हात टेकून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून उभे राहावे, जमू लागले की हात हलका करावा, मग एकच बोट ठेवावे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे. कोणीतरी शेजारी उभे असावे. ज्यांना चक्कर येते किंवा जे वारंवार पडतात, त्यांनी आधी तज्ज्ञाला दाखवावे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाणे, वळून परत येणे आणि बसणे, ही १९९१ पासून रूढ असलेली साधी परीक्षा तो घेईल. तिला बारा सेकंद किंवा अधिक लागले तर सावध व्हावे.

“जन्मभर शेतात राबले, त्यांना कसला व्यायाम?” असेही विचारले जाते. पण राबणे थांबले की त्याचे बळ गाठीला राहत नाही. उलट १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे वजने उचलावयास लावली, तर त्यांच्या मांड्यांचे बळ दुपटीहून अधिक वाढले.

सलाईन लावली की पायांत ताकद येते, हा समज तर इतका बळावला आहे की त्यावर बोलण्याचाही कंटाळा येतो. त्या बाटलीत बहुधा पाणी, मीठ आणि फार तर साखर असते. अंगातले पाणी आटले असेल तर उपयोग, एरवी पैसा खर्च.

चक्करेचेही तसेच. कुशीवर वळताच घर गरगरू लागते, ती चक्कर अशक्तपणाची असेलच असे नाही. कानातील सूक्ष्म खडे जागा सोडून सरकल्यानेही ती येते, आणि डोके ठराविक क्रमाने वळवून बहुधा बरी करता येते.

‘ड’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस एकदाच घेऊन मोकळे होऊ म्हणणाऱ्यांसाठी ऑस्ट्रेलियातील एक चाचणी आहे, २०१० सालची : सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एकके दिली, तर त्यांचे पडणे १५ टक्क्यांनी वाढले.

राहता राहिली काठी. ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरावी, असे घरोघर सांगतात आणि ते उलटे आहे. उजवा पाय दुखत असेल तर काठी डाव्या हातात हवी, म्हणजे उजवे पाऊल टेकताना भार वाटला जातो. हात सैल सोडला असता मनगटाशी येईल इतकीच तिची उंची असावी. आजोबांची वारसाहक्काने आलेली लांबलचक काठी दिसते रुबाबदार, पण खांदा उचलून धरावा लागत असेल तर ती कापून घ्यावी आणि टोकाला रबर बसवावे.