कामावरून कमी करताना

कामगारांचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गिरणीचा भोंगा, युनियनचा झेंडा आणि फाटकासमोरची सभा उभी राहते. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपावर वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले आणि ते योग्यच होते. सुमारे अडीच लाख कामगारांच्या चुलीचा तो प्रश्न होता. परंतु ज्या कारखान्यात अवघी दहाबारा माणसे राबतात, तेथील एखाद्याला कामावर ठेवावे की कमी करावे हा प्रश्न सभेत येत नाही आणि अग्रलेखातही येत नाही. तो मालकाच्या मनात महिनोन्‌महिने घोळत राहतो आणि बहुधा एखाद्या संतापाच्या क्षणी, अत्यंत वाईट रीतीने निकालात निघतो. भोसरी, शिरोली, सातपूर यांसारख्या औद्योगिक वसाहतींमधून असे निर्णय नित्य होत असतात. त्यांची बेरीज कोणी मांडत नाही, म्हणून ते लहान ठरत नाहीत.

मोठ्या कंपनीत असा निर्णय घेणारा अधिकारी आणि ज्याच्याविषयी तो घ्यायचा तो कामगार यांची अनेकदा तोंडओळखही नसते. छोट्या कारखान्याचे तसे नाही. तेथे मालक स्वतः यंत्रावर उभा राहतो, कामगाराबरोबर डबा खातो, त्याच्या मुलीच्या लग्नाला जातो. दहा माणसांतला एक माणूस म्हणजे कारखान्याचा दहावा हिस्सा. तो नीट काम करीनासा झाला तर त्याची झळ त्याच आठवड्यात लागते आणि त्याला काढले तर त्याचे घर कोणत्या चाळीत आहे, तेथे खाणारी तोंडे किती, हे मालकाला पाठ असते. एवढी जवळीक असूनही, किंबहुना एवढी जवळीक असल्यामुळेच, मालक आणि कामगार यांच्यात सरळ बोलणे होत नाही.

माझ्या परिचयाच्या एका कारखानदाराची हकिकत येथे सांगण्यासारखी आहे. वडिलांनी उभा केलेला लेथचा छोटा कारखाना त्याच्याकडे आला, तेव्हा त्याबरोबर वडिलांच्या वेळचा एक टर्नरही आला. बावीस वर्षांची नोकरी. सगळे त्यांना काका म्हणत आणि मालकही काकाच म्हणे. पुढे काकांच्या हातचे जॉब मापात बसेनासे झाले. मोठ्या कंपनीकडून माल परत येऊ लागला. मालक त्यांना काही बोलला नाही. वडिलांच्या बरोबरीच्या माणसाला काय बोलायचे, ही भीड. त्याने बारीक मापाची कामे हळूहळू दुसऱ्याकडे वळवली, जादा वेळेचे काम देणे बंद केले आणि काकांना माल मोजायला बसवले. दोन वर्षे अशी गेली. अखेर एका दिवाळीच्या तोंडावर मोठी ऑर्डर परत आली आणि इतके दिवस गिळलेला शब्द सर्वांच्या देखत बाहेर पडला : उद्यापासून येऊ नका. काका शांतपणे म्हणाले, “दोन वर्षं गप्प का बसलात, शेठ? मला वाटलं, तुम्हाला नवीन पोरं पुढे आणायची आहेत. माप चुकतंय म्हणून सांगितलं असतं तर डोळे तरी तपासून घेतले असते.” डोळे पुढे तपासले गेले, मोतीबिंदू निघाला आणि शस्त्रक्रियेनंतर दृष्टीही सुधारली. मालकाने निरोप धाडला. काका परतले नाहीत. एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी त्यांनी धरली होती आणि भर कारखान्यात ऐकलेला शब्द त्यांना विसरता येत नव्हता.

या हकिकतीत दुष्ट कोणीच नाही. तरीही एका निष्णात कारागिराची बावीस वर्षे अशा तऱ्हेने संपली. आपल्याकडे भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती म्हण सहसा भीड बाळगणाऱ्याच्या नुकसानीविषयी वापरली जाते. येथे मात्र भीड मालकाची आणि भीक कामगाराच्या वाट्याला, असा प्रकार झाला. मालकाला वाटत होते की आपण दया करीत आहोत. वस्तुतः तो स्वतःला एका अवघड संभाषणापासून वाचवीत होता. ज्याला आपली चूकच सांगितली गेली नाही, त्याच्यापुढे सुधारण्याचा मार्ग उघडा नसतो, आणि दुसरीकडे वेळेत नोकरी शोधण्याचाही नसतो. चाळिशीतल्या माणसाला जे काम मिळते ते पन्नाशी उलटल्यावर मिळत नाही. म्हणजे मालकाच्या संकोचाची प्रत्येक वर्षाची किंमत कामगार मोजतो.

तेव्हा पहिला विचार कारण निश्चित करण्याचा. माणूस कमी करण्याची कारणे तीन प्रकारची असतात : त्याला काम येत नाही, तो काम करीत नाही, किंवा त्याच्यासाठी काम उरलेले नाही. मालकाच्या रागात ही तिन्ही एकत्र कालवली जातात आणि तेथेच अन्याय सुरू होतो. कारण प्रत्येकाचा न्याय वेगळा आहे. काम येत नसेल तर आधी स्वतःला विचारले पाहिजे की आपण ते शिकवले होते काय. हाताने लेथ चालवणाऱ्याला संगणकावर चालणाऱ्या यंत्रापुढे उभे करायचे आणि आठवड्याने त्याला नालायक ठरवायचे, यात नालायकी कोणाची? एकदा शिकवून, मुदत देऊन आणि कारखान्यातले दुसरे काम देऊन पाहूनही जमले नाही, तर मात्र ते मान्य करावे लागते.

काम उरलेले नसणे हा तर कामगाराचा दोषच नव्हे. छपाईच्या धंद्याने हे फार स्पष्टपणे पाहिले आहे. ऑफसेट आणि त्यापाठोपाठ संगणकावरची अक्षरजुळणी आली, तेव्हा शिशाचे खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरांची आयुष्यभराची विद्या काही वर्षांत निरुपयोगी झाली. काही छापखानेवाल्यांनी त्यांना मुद्रितशोधनाचे, बांधणीचे काम दिले. काहींनी त्यांच्या हातात बारीकसारीक चुकांचे कागद ठेवून त्यांनाच दोषी ठरवले. हा दुसरा मार्ग स्वस्त असेल, पण तो खोटा आहे. कामगारकपातीसाठी 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने सूत्र घालून दिले : ज्याची सलग एक वर्ष नोकरी झाली आहे त्याला एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढे वेतन, नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचे सरासरी वेतन, शेवटी आलेल्याने सामान्यतः आधी जायचे आणि पुन्हा भरती करताना कमी केलेल्याला प्राधान्य द्यायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही हा गाभा कायम ठेवला आहे. कारखाना लहान आहे म्हणून ही सूचना आणि ही भरपाई चुकत नाही, हे पुष्कळ छोट्या मालकांना ठाऊक नसते. आणि ज्यांना ठाऊक असते त्यांतले काही जण कामगाराला ते ठाऊक नाही यावर भिस्त ठेवतात.

तिसरा प्रकार वर्तनाचा. चोरी, मारहाण, हेल्पर मुलांना शिवीगाळ, वारंवार न सांगता गैरहजेरी. येथे तरी तत्काळ निर्णय घ्यायला हरकत काय, असे कोणी विचारील. हरकत एवढीच की दुसरी बाजू ऐकल्याशिवाय आरोप हा आरोपच असतो. विनापरवाना गैरहजर राहिलेल्या कामगाराचे नाव स्थायी आदेशातील तरतुदीनुसार आपोआप कमी झाले, असा दावा एका प्रकरणात मालकाने केला होता. 1993 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. म्हणणे मांडण्याची संधी न देता नोकरी काढून घेणे हे नैसर्गिक न्यायाला सोडून आहे, असे ठरवून न्यायालयाने त्या कामगाराला निम्म्या मागील वेतनासह कामावर परत घ्यायला लावले. लेखी आरोप, उत्तर द्यायला वेळ आणि झालेल्या चौकशीची नोंद एवढे करण्यास वकिलांचा ताफा लागत नाही. आणि ती चौकशी खरोखर मोकळ्या मनाने केली, तर मालकालाही कधीकधी ठाऊक नसलेले काही कळते.

या सर्वांहून हीन असा चौथा एक मार्ग प्रचारात आहे. माणसाला काढायचे नाही, तर त्याने स्वतःच जावे असे करायचे. त्याची पाळी बदलायची, त्याला स्टुलावर रिकामे बसवायचे, पगार रखडवायचा आणि कंटाळून त्याने राजीनामा लिहिला की हिशेब मिटला म्हणायचे. कामावर घेतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवणारे महाभागही आहेत. यामागे पुष्कळदा क्रौर्यापेक्षा पैशाची अडचण असते. ज्या आस्थापनेत दहा किंवा अधिक माणसे आहेत तेथे पाच वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी द्यावी लागते. 15 हजार रुपये वेतनाच्या माणसाची अठरा वर्षे झाली असतील, तर ती रक्कम सुमारे 1 लाख 56 हजार होते. छोट्या मालकाच्या खात्यात ती एकदम नसते, हे मान्य. पण ती एकदम देण्याची वेळ अचानक आलेली नसते. दरवर्षी पंधरा दिवसांचा पगार बाजूला ठेवला असता, तर निर्णयाच्या दिवशी न्याय आणि तिजोरी यांत भांडण लागले नसते.

मालकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एकाचे काम नऊ जणांना ओढावे लागते, तेव्हा मालकाने दाखवलेल्या दयेचा भार त्या नऊ जणांच्या पाठीवर पडतो. ते बोलत नाहीत, पण त्यांतला सर्वांत चांगला कारागीर एके दिवशी शेजारच्या गाळ्यात कामाला लागतो. माल परत येऊन ऑर्डर गेली तर दहाही चुली विझण्याची वेळ येते. म्हणून कोणालाही कधीच कमी करू नये, हे म्हणणे माणुसकीचे दिसले तरी जबाबदारीचे नाही. दोष स्पष्ट शब्दांत सांगितला, सुधारण्याची खरी मुदत दिली, त्यामागे आजार किंवा घरची विपत्ती आहे काय हे विचारले, आपल्या व्यवस्थेतला दोष तपासला आणि तरीही स्थिती तीच राहिली, तर निर्णयाची वेळ आली असे समजावे. यांतले काही करायचे राहिले असेल, तर मालकाने कितीही रात्री जागून काढल्या असल्या तरी ती वेळ अद्याप आलेली नाही.

आणि ती आल्यावर ते सांगण्याचे काम मुकादमावर किंवा हिशेबनिसावर ढकलू नये. मालकाने स्वतः, दार लावून, कारण न लपवता सांगावे. देणे त्याच दिवशी चुकते करावे, अनुभवाचा दाखला द्यावा आणि ओळखीच्या दोन कारखान्यांत शब्द टाकावा; एका ठिकाणी न जमलेला माणूस दुसरीकडे उत्तम काम करतो, हे प्रत्येक कारखानदाराने पाहिलेले असते. त्या दिवशी यंत्रांवर उभी असलेली उरलेली माणसे खाली मान घालून काम करीत असली, तरी त्यांचे लक्ष त्या बंद दाराकडेच असते. आपली पाळी आली तर आपल्याशी कसे वागले जाईल, हे ती त्या दिवशी ठरवून टाकतात.