डब्लिनच्या आर्चबिशपचे पत्र

भारतीय राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडच्या घटनेवरून घेतली आहेत, हे वाक्य नागरिकशास्त्राच्या तासाला आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ केलेले असते. परीक्षेत त्याला हमखास गुण मिळत आणि आयर्लंडशी आपला संबंध तिथेच संपे. पुष्कळ वर्षांनी निव्वळ कुतूहल म्हणून मी १९३७ची ती आयरिश घटना वाचायला घेतली आणि पहिल्याच ओळीला थबकलो. तिची सुरुवातच होते परमपवित्र त्रैक्याच्या नावाने. पुढे कलम ४४ मध्ये, बहुसंख्य नागरिकांच्या श्रद्धेचे रक्षक म्हणून कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ दिलेले होते. ही घटना एमन डी व्हॅलेरा यांची, हे ठाऊक होते. मसुदा तयार होत असताना त्यांच्याकडे टिपणांवर टिपणे पाठवणारा एक धर्मगुरू होता, हे मात्र मला नवे होते.

जॉन चार्ल्स मॅक्वेड हे त्या धर्मगुरूंचे नाव. जन्म १८९५चा. डी व्हॅलेरा ज्या ब्लॅकरॉक कॉलेजात शिकले, त्याचेच हे त्या वेळी प्रमुख होते. कलम ४४ मधले शब्द त्यांना पुरेसे वाटले नव्हते. कॅथलिक चर्च हेच खरे चर्च, असे घटनेने म्हणावे ही त्यांची इच्छा. डी व्हॅलेरांनी ती मानली नाही. उलट त्याच कलमात प्रॉटेस्टंट पंथांचा आणि ज्यूंचाही नावानिशी उल्लेख केला. म्हणजे कागदावर मॅक्वेड हरले होते. १९४० मध्ये ते डब्लिनचे आर्चबिशप झाले आणि १९७२च्या आरंभापर्यंत त्या पदावर राहिले. कागदावर जे मिळाले नव्हते, ते त्यांनी या तीन दशकांत कसे मिळवले, ही खरी गोष्ट आहे.

सर्वांत बोलका प्रसंग १९५१चा. नोएल ब्राउन नावाचे तरुण डॉक्टर १९४८ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, निवडून आल्या आल्या आरोग्यमंत्री झाले. क्षयाने त्यांचे आईवडील नेलेले. स्वतःही त्यातून उठलेले. मंत्री होताच त्यांनी क्षयरुग्णालयांतल्या खाटा झपाट्याने वाढवल्या. मग हात घातला माता-बालक योजनेला. गरोदर स्त्रियांना आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचार, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, अशी ती योजना. दाखला मागितला की गरीब माणूस दारातूनच परततो, हे ब्राउन जाणून होते.

डॉक्टरांची संघटना विरोधात गेली. खासगी उत्पन्न बुडण्याची भीती त्यामागे होतीच. पण निर्णायक ठरले ते बिशपांचे पत्र. ऑक्टोबर १९५०च्या या पत्रात पंतप्रधान जॉन कॉस्टेलो यांना कळवले होते, की मुलांच्या आरोग्याची जबाबदारी आईवडिलांची असून सरसकट ती आपल्याकडे घेण्याचा सरकारला अधिकार नाही. शिवाय सरकारी डॉक्टर स्त्रियांना जे शिकवतील, त्यातून संततिनियमनासारख्या गोष्टी घरात शिरतील. ब्राउन यांना आर्चबिशपांच्या निवासस्थानी बोलावून हे पत्र ऐकवण्यात आले. आपण त्यांचे समाधान केले, अशा समजुतीने ते परतले. एप्रिल १९५१ मध्ये बिशपांनी योजना साफ नाकारली आणि दोनच दिवसांत मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. ब्राउन यांच्याच पक्षाचे नेते शॉन मॅकब्राइड यांनी त्यांचा राजीनामा मागितला. ब्राउन यांनी तो दिला; पण जाताना सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला.

ती पत्रे छापून आली तेव्हा जगाला पहिल्यांदा दिसले, की लोकांनी निवडलेले मंत्री एका धर्मगुरूला किती अदबीने लिहितात. कॉस्टेलो यांना त्यात काही वावगे वाटले नाही. कॅथलिक म्हणून आपण चर्चची आज्ञा पाळतो आणि पुढेही पाळू, असे त्यांनी संसदेतच सांगितले.

या सगळ्यात कलम ४४चा आधार कोणी घेतला? कोणीच नाही. मॅक्वेड न्यायालयात गेले नाहीत, मोर्चा काढला नाही. एक पत्र, एक भेट, फार तर एक निरोप, एवढ्यावर काम भागत असे. त्यांच्या परवानगीवाचून डब्लिनच्या कॅथलिकांनी ट्रिनिटी कॉलेजात शिकू नये, असा हुकूम त्यांनी १९४४ मध्ये काढला. हे बंधन १९७० पर्यंत टिकले. १९५८च्या नाट्यमहोत्सवात शॉन ओकेसींचे नाटक आणि जेम्स जॉइस यांच्या कादंबरीचे रूपांतर होते. उद्घाटनासाठी मिसा म्हणायला मॅक्वेड यांनी नकार दिला. पुढे ओकेसींचे नाटक गेले, सॅम्युएल बेकेट यांनी आपली नाटके काढून घेतली आणि महोत्सवच बारगळला.

या माणसाला निव्वळ खलनायक ठरवणे मात्र सोपे आणि खोटे होईल. युद्धकाळात डब्लिनच्या गरिबांना जेवण, कपडे आणि बाळंतिणींना मदत पुरवणारी मोठी यंत्रणा त्यांनीच १९४१ मध्ये उभी केली. क्रमलिनचे मुलांचे रुग्णालय त्यांच्याच प्रयत्नांतून झाले. त्यांच्या लेखी दया ही चर्चची होती; हक्क म्हणून सरकारने ती वाटणे त्यांना खपत नव्हते. आणि जिथे कोणी जाब विचारत नाही, तिथे काय होते तेही पाहा. १९६० मध्ये याच रुग्णालयात एका पाद्र्याने लहान मुलींची अश्लील छायाचित्रे काढल्याचे पोलिसांना कळले. पोलीसप्रमुखांनी प्रकरण तपासाऐवजी मॅक्वेड यांच्या हाती दिले आणि ते तिथेच मिटले. २००९च्या चौकशी अहवालात हे सारे नोंदले गेले.

एकदा मात्र लोकांनी ऐकले नाही. १९५५ मध्ये युगोस्लाव्हियाचा फुटबॉल संघ डब्लिनला आला. तिथल्या साम्यवादी राजवटीने कार्डिनल स्टेपिनाक यांना तुरुंगात टाकले होते, म्हणून सामना होऊ नये असे मॅक्वेड यांचे मत. राष्ट्राध्यक्ष आले नाहीत, सैन्याचा बँड आला नाही, रेडिओच्या समालोचकाने अंग काढून घेतले. पण डॅलीमाउंट पार्कवर वीस हजारांहून अधिक माणसे जमली. आयर्लंड ४-१ असे हरले. मला मात्र त्या हरलेल्या संघाचे प्रेक्षक मंत्रिमंडळापेक्षा धीट वाटतात.

१९७२च्या डिसेंबरात सार्वमत घेऊन आयर्लंडने ते ‘विशेष स्थान’ घटनेतून काढून टाकले. पुढच्या एप्रिलमध्ये मॅक्वेड वारले.

आपल्या घटना समितीतही, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, ह. वि. कामथ यांनी सरनामा ‘ईश्वराच्या नावाने’ सुरू व्हावा अशी दुरुस्ती मांडली होती. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. आयर्लंडची ती पहिली ओळ वाचली तेव्हा, आपण सुटलो, असे मला वाटले होते. ब्राउन यांची हकिगत वाचल्यावर तसे वाटेनासे झाले. त्यांना घटनेतल्या ओळीने पाडले नव्हते. आलेल्या पत्राला ‘नाही’ असे उत्तर लिहायला मंत्रिमंडळात दुसरा कोणी तयार नव्हता, म्हणून ते पडले.