तेलाचा भाव, राज्याचा निधी आणि राजघराण्याचा पैसा

खनिज तेलाचा भाव कोसळला की आखातातील राजघराणी निर्धन होऊ लागतात, हा समज चुकीचा आहे. कारण त्यात राज्याची तिजोरी, राज्याचा गुंतवणूक निधी आणि घराण्याची खासगी मालमत्ता या तीन गोष्टी एकच मानलेल्या असतात. या तिन्हींतील फरक कुवेतमध्ये विशेष स्पष्ट दिसतो. तेलाच्या उत्पन्नातून राज्याच्या मालकीचे समभाग, रोखे व स्थावर मालमत्ता परदेशांत घेऊन ठेवणारी व्यवस्था, म्हणजेच सार्वभौम संपत्ती निधी, तेथे स्वातंत्र्याच्याही आठ वर्षे आधी, १९५३ मध्ये लंडनमधील गुंतवणूक मंडळाच्या रूपाने आकाराला आली.

एवढा जुना आणि अवाढव्य निधी हाताशी असलेल्या सरकारला रोकड कमी पडणारच नाही, असे गृहीत धरले जाते; परंतु एप्रिल २०२० मध्ये ब्रेंट तेल पिंपामागे २० डॉलरांच्या खाली उतरले आणि ऑगस्टमध्ये कुवेतच्या अर्थमंत्र्यांना, ऑक्टोबरनंतरच्या पगारांना पुरेल एवढी रोकड नाही, असे संसदेत सांगावे लागले. अर्थसंकल्पातील तूट तेथे सर्वसाधारण राखीव निधीतून भरली जाते. १९७६ पासून उत्पन्नाचा दहावा हिस्सा ज्यात जमा होत आला त्या भावी पिढ्यांच्या निधीला मात्र कायद्यावाचून हात लावता येत नाही. कर्ज काढण्याची मुभा देणारा कायदा २०१७ मध्ये संपला होता आणि संसद नवा मंजूर करीत नव्हती, त्यामुळे सरकारने एका खिशातील मालमत्ता दुसऱ्या खिशाला विकून रोकड उभी केली. पैसा होता, तो वापरण्याची कायदेशीर वाट नव्हती; नवा कर्जकायदा आला तो संसद स्थगित झाल्यानंतर, २०२५ मध्ये, अमिरांच्या फर्मानाने.

हा निधी अमिरांचा खासगी पैसा असतो, हा समजही टिकत नाही. राज्यघटनेच्या ७८व्या कलमानुसार अमिरांचे वार्षिक मानधन राज्यारोहणाच्या वेळी कायद्याने ठरते आणि ते कारकीर्दभर तेच राहते. २००६ मध्ये ते ५ कोटी दिनार ठरले, म्हणजे तेलाच्या भावाशी त्याचा थेट संबंध नाही. अर्थात पंतप्रधानपद अल सबाह घराण्याकडेच असते आणि निधीचा तपशील जाहीर करण्यास १९८२च्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ही सीमारेषा कागदावर दिसते तितकी पक्की मानणे भाबडेपणाचे ठरेल.

सौदी अरेबियात ती आणखी पुसट आहे, कारण राजपुत्रांना मिळणाऱ्या तनख्याचा हिशेब अर्थसंकल्पात दिसत नाही. तेथे भाव जून २०१४ मधील सुमारे ११५ डॉलरांवरून जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरांच्या खाली आला, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांचे भत्ते कापले गेले आणि २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. भाव पडला की निधी आटतोच, या समजाला तर २०२० ने पुरते खोटे ठरवले: त्या वर्षीच्या वसंतात मध्यवर्ती बँकेच्या परकीय गंगाजळीतून ४० अब्ज डॉलर युवराज मोहम्मद बिन सलमान अध्यक्ष असलेल्या सार्वजनिक गुंतवणूक निधीकडे वळवले गेले, पडलेल्या भावाने परदेशी समभाग खरेदी झाली, आणि जुलैमध्ये नागरिकांवरील मूल्यवर्धित कर ५ वरून १५ टक्क्यांवर नेण्यात आला.