अक्कलदाढ आणि मिश्रीची डबी

घरातील मुलगा वा मुलगी सतरा-अठरा वर्षांची झाली, की केव्हातरी एके दिवशी भरल्या पानावरून उठते आणि गालावर हात ठेवून कोपऱ्यात बसते. तोंड पुरते उघडत नाही, घास गिळताना कानापर्यंत कळ जाते, हिरडी टम्म फुगलेली असते. वडीलधारी माणसे हसून म्हणतात, ‘अक्कलदाढ येतेय, दुसरे काही नाही. अक्कल यायची तर थोडे सोसावेच लागते.’ मग कोणी लवंग आणून देतो, कोणी मिठाच्या गुळण्या सांगतो. आणि निपाणी, चिकोडी, संकेश्वराकडील पुष्कळ घरांतून आजीच्या कनवटीची मिश्रीची डबी पुढे येते. ‘चिमूटभर दाबून धर, पोरी, दाढ बधिर होईल.’ ह्या दाढेविषयी आणि ह्या चिमटीविषयी वाचकांशी चार शब्द बोलावे, असे आम्हांस वाटते.

नाव अकलेचे, काम जागेचे

प्रौढ माणसाच्या तोंडात दात बत्तीस, असे आपण शाळेत शिकतो. त्यांतील अगदी शेवटच्या चार, म्हणजे वर दोन आणि खाली दोन, ह्या अक्कलदाढा. बाकीचे पक्के दात बारा-तेरा वर्षांपर्यंत येऊन जातात. ह्या मात्र साधारणपणे सतरा ते पंचवीस ह्या वयात उगवतात. माणूस जाणता होण्याच्या वयात येतात म्हणून त्यांना हे नाव पडले. अरबीत ती अकलेचीच दाढ आहे आणि लॅटिनमध्येही शहाणपणाचा दात. तुर्की लोक तिला सरळ ‘विसाव्या वर्षाचा दात’ म्हणतात. जपानी भाषेतील नाव सर्वांत मार्मिक आहे : ‘ओयाशिराझु’, म्हणजे आईबापांना ठाऊक नसलेला. मूल मोठे होऊन आपल्या वाटेला लागल्यावर उगवणारा दात आईबापांना कसा दिसावा?

अकलेशी तिचा संबंध अर्थातच नाही. खरा प्रश्न आहे तो जागेचा. जबड्यात शेवटी जागा उरली असेल, तर दाढ सरळ वर येते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. जागा अपुरी असेल, तर ती हाडात किंवा हिरडीखाली अडकून राहते. कधी ती पुढच्या दाढेच्या अंगावर कलते, आणि हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. कधी मागे कलते, कधी चक्क आडवी निजते, तर कधी सरळ असूनही अर्धीच वर येऊन थांबते. जगभरच्या अनेक पाहण्यांचा एकत्र विचार करता, सुमारे एक चतुर्थांश लोकांच्या तोंडात एखादी तरी अक्कलदाढ अशी अडकलेली असते. जवळजवळ तितक्याच लोकांना चारांपैकी एखादी दाढ जन्मतःच नसते. तेव्हा अक्कलदाढ न येणे हे काही व्यंग नव्हे.

माणूस अन्न शिजवून, दळून, मऊ करून खाऊ लागला, चावण्याचे श्रम कमी झाले आणि जबडे लहान होत गेले, असे ह्याचे कारण अभ्यासक सांगतात. दातांची संख्या मात्र त्या मानाने कमी झाली नाही.

सुश्रुताने पाहिलेली सूज

हे दुखणे आजकालचे नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा जो अध्याय आहे, त्यात ‘अधिमांस’ नावाचा विकार वर्णिला आहे : जबड्याच्या शेवटच्या दाताशी मोठी सूज, तीव्र वेदना आणि लाळ गळणे. त्याच अध्यायात ‘वर्धन’ नावाचा आणखी एक विकार आहे. अधिक दात अतिशय वेदनेसह उगवतो आणि उगवून आला की वेदना शमते, असे त्याचे लक्षण दिले आहे. आजचा दंतवैद्य अर्धवट उगवलेल्या दाढेभोवतीच्या सुजेचे वर्णन ह्याहून फारसे वेगळे करणार नाही.

ही सूज का येते? दाढ अर्धी वर आली की तिच्या माथ्यावर हिरडीची एक झडप राहते. त्या झडपेखाली भाकरीचा कण, भाजीचे सूत अडकते. तेथे ब्रश पोहोचत नाही. अन्न कुजते, जंतू वाढतात, हिरडी सुजते. आणि सुजलेल्या हिरडीवर वरची दाढ चावली गेली, की दुखणे दुप्पट होते. चार-पाच दिवसांनी सूज उतरते आणि घरातले सर्वजण ‘बरे झाले’ म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकतात. परंतु झडप तशीच असते आणि तिच्याखालची फटही तशीच असते. म्हणून हे दुखणे महिन्या-दोन महिन्यांनी, कधी नेमके परीक्षेच्या वा लग्नाच्या तोंडावर पुन्हा डोके वर काढते. दरम्यान कललेल्या दाढेच्या फटीत अन्न साचून तिच्या पुढची चांगली दाढ किडू लागते. तोट्यात जाते ती अशी बिनदोष शेजारीण. क्वचित अडकलेल्या दाढेभोवती हाडाच्या आत पाण्याने भरलेली गाठ वाढते, आणि ती पुष्कळ मोठी होईपर्यंत दुखतही नाही.

मिश्रीचा मोह

आता त्या डबीकडे वळू. निपाणी म्हणजे तंबाखूचे गाव. बिडीच्या तंबाखूची एवढी मोठी पेठ आसपास दुसरी नव्हती. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी येथील शेतकऱ्यांनी हमरस्त्यावर ठाण मांडले, तेव्हा निपाणीचे नाव देशभर गेले. ज्या गावाचे पोट ह्या पानावर पिढ्यान्‌पिढ्या भरले, तेथे ते पान घरचे औषधही होऊन बसावे, ह्यात नवल नाही. वखारीत दिवसभर तंबाखू चाळणाऱ्या बाईच्या हाताशी दुसरे काय असणार? तव्यावर भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजेच मिश्री, बोटाने दातांना लावायची ही चाल घरोघर रुजली, आणि पुष्कळजणींच्या बाबतीत तिची सुरुवात दाढदुखीपासूनच झाली.

मिश्रीने थोडा वेळ बरे वाटते, हे खोटे नाही. परंतु झडपेखालचा कण तिने निघत नाही आणि पू आटत नाही. उलट सुजलेल्या हिरडीला तिखट पुडीचा आणखी जाच होतो. दाढदुखी चार दिवसांनी जाते आणि मिश्री जन्मभर राहते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे आता वादातीत आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या तंबाखूला कोणता कायदा अडवणार? ते काम घरातल्या माणसांनीच करावयाचे आहे.

ह्या भागात आणखी एक घोटाळा होतो. तोंड उघडेनासे झाले, की ‘अक्कलदाढ असेल’ म्हणून सोडून दिले जाते. अक्कलदाढेने तोंड मिटते ते एक-दोन दिवसांत, दुखण्यासह, एका बाजूने. आणि सूज उतरली की पुन्हा उघडते. परंतु सुपारी, मावा, गुटखा खाणाऱ्याचे तोंड महिनोन्‌महिने हळूहळू आखडत जाते. दुखत फारसे नाही. मात्र ठेचा-चटणी सोसवेनाशी होते आणि गालाचे आतले अस्तर पांढुरके व ताठ लागते. हा निराळा रोग आहे आणि त्यातून पुढे कर्करोग उद्भवू शकतो. कर्नाटकात २०१३ साली गुटख्यावर बंदी आली तरी सुपारी सुटलेली नाही. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर अक्कलदाढेवर भार न टाकता तोंड तपासून घ्यावे.

काढावी की ठेवावी?

दाढ अडकली आहे, एवढ्यावरून ती काढलीच पाहिजे असे नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २००० साली स्पष्ट सांगितले, की निरोगी अडकलेली दाढ केवळ पुढे त्रास होईल ह्या भीतीने काढू नये. अक्कलदाढ रेटते म्हणून पुढचे दात वाकडे होतात, हा समजही अभ्यासांत टिकलेला नाही. मात्र वारंवार सूज येत असेल, दाढ किंवा तिची शेजारीण किडली असेल, पू वा गाठ झाली असेल, तर चालढकल करू नये. विशी-पंचविशीत हाड लवचीक असते, जखम लवकर भरते. वय वाढले की तेच काम अवघड होते.

निर्णयापूर्वी क्ष-किरणाने चित्र घ्यावे लागते. त्यात दाढेचा कल तर दिसतोच. शिवाय खालच्या जबड्यातून ओठ व हनुवटीला संवेदना पुरवणारी जी नस जाते, ती मुळांपासून किती दूर आहे हेही कळते. ती अगदी लागून असेल, तर दाढ काढल्यावर खालचा ओठ काही काळ, क्वचित कायमचा, बधिर राहू शकतो. हा धोका आधी विचारून समजून घेण्याचा आपल्याला हक्क आहे.

बेळगावात के. एल. ई. संस्थेचे दंत महाविद्यालय १९८५ साली सुरू झाले आणि मराठा मंडळाचेही दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार होतात आणि खर्चही खाजगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी येतो. आपल्या भागात दुखणे दोन भाषांत सांगावे लागते. ‘हल्लु नोवु’ म्हणजे दातदुखी आणि ‘बावु’ म्हणजे सूज, एवढे शब्द पुष्कळांना येतात. परंतु संमतिपत्र कन्नडात किंवा इंग्रजीत असेल, तर ते मराठीत समजावून घेतल्याखेरीज सही करू नये. मधुमेह, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, गर्भारपण, एखाद्या औषधाचे वावडे, ह्यांतले काहीही असल्यास न विचारता सांगावे.

घरी काय करावे

सूज असताना कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा हलकेच चुळा भराव्यात. गालाला बाहेरून गरम शेक देऊ नये. अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवू नये, हिरडी भाजते. दुकानातून आपल्या मनाने जंतुनाशक गोळ्या आणून दोन दिवस घेणे, हा तर उपचारच नव्हे.

दाढ काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलेला वेळ कापसाचा बोळा चावून धरावा. पहिला दिवस थुंकू नये, चुळा भरू नयेत. खड्ड्यात धरलेली रक्ताची गुठळी हेच जखमेचे झाकण असते. बिडी, तंबाखू, मिश्री ह्यांनी ती निघून जाते आणि तिसऱ्या दिवशी असह्य ठणका लागतो. त्या दिवशी बाहेरून बर्फ लावावा; दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचे पाणी चालते. मऊ भात, पेज, निवलेले दूध घ्यावे.

आणि एक गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. ताप भरला, हनुवटीखाली घट्ट सूज उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, थुंकी गिळवेना किंवा श्वास लागू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. लुडविग नावाच्या जर्मन वैद्याने १८३६ साली ह्या सुजेचे वर्णन केले. ती काही तासांत श्वासाची वाट बंद करू शकते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे चाळीस किलोमीटर आहे, बेळगाव पाऊणशे. जे जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री जावे.

एरवी घाई नाही. घरातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना एकदा दंतवैद्याकडे नेऊन शेवटच्या दाढा पाहून घ्याव्यात, आणि मुलीच्या दाढेसाठी मिश्रीची डबी पुढे आली, तर ती आजीच्या हाती मायेने परत द्यावी. जमल्यास त्याच खेपेस आजीचेही तोंड तपासून घ्यावे. तिने ती डबी कित्येक वर्षे वापरली आहे.